पुन्हा लागलेले सिनेमे

१३ सप्टेंबर २०२४ च्या शुक्रवारी 'तुंबाड' पुन्हा लागला. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा ऑक्टोबर २०१८ मध्ये पहिल्यांदा आला, तेव्हा त्याचं कौतुक भरपूर झालं, पण गल्ला बेताचाच जमला. सहा वर्षांनी आलेल्या दुसऱ्या खेपेत त्याने पहिल्या खेपेच्या दुपटीहून जास्त कमाई केली. पुढे ७ फेब्रुवारी २०२५ ला 'सनम तेरी कसम' आला. २०१६ मध्ये साफ पडलेला हा सिनेमा आता हाउसफुल्ल जाऊ लागला. त्याच शुक्रवारी 'इंटरस्टेलर'ही लागला आणि त्याचीही तिकिटं मिळेनात. मार्चमध्ये 'सैराट' आला. बातम्यांमध्ये या सगळ्याला 'नवा ट्रेंड' म्हटलं गेलं.

मला हे म्हणणं पटत नाही. सिनेमा पुन्हा लागणं ही आपल्याकडची जुनी रीत. मध्ये वीस-पंचवीस वर्षं ती मोडली होती. त्या काळात जे लहानाचे मोठे झाले त्यांना ती नवी वाटते, इतकंच.

ही रीत कशी चालायची ते समजायचं तर फिल्म हातात घेऊन बघायला हवी. ३५ मिलिमीटरची पट्टी प्रोजेक्टरमधून मिनिटाला नव्वद फूट पळते. तीन तासांचा सिनेमा म्हणजे सोळा हजार फुटांहून जास्त पट्टी. तिची रिळं करून पत्र्याच्या डब्यांत भरायची आणि डबे पेटीत घालून एसटीच्या टपावर किंवा रेल्वेच्या ब्रेकव्हॅनमध्ये चढवायचे. एकेक प्रिंट काढायला बराच पैसा लागायचा, म्हणून प्रिंट मोजक्याच निघत. आधी मुंबई-पुण्याची मोठी थिएटरं, मग जिल्ह्याचं गाव, मग तालुका आणि शेवटी जत्रेतला तंबू. मुंबईला लागलेला सिनेमा तालुक्याला पोचायला वर्ष सहज जाई. तोवर पट्टीवर इतके ओरखडे पडलेले असत, की कडक उन्हाच्या दृश्यातही पडद्यावर पावसाच्या धारा दिसत.

वितरकाकडे सिनेमाचे हक्क काही वर्षांपुरते असत. तेवढ्या मुदतीत पेटीतल्या प्रिंटमधून होईल तेवढी वसुली करायची, हा साधा हिशेब. म्हणून चाललेला सिनेमा दिवाळीला पुन्हा, मेच्या सुट्टीत पुन्हा, सुगीनंतर पुन्हा लागे. सकाळच्या मॅटिनीला तिकीट स्वस्त असे आणि तिथे बहुतेक जुनेच सिनेमे असत. साताऱ्याकडच्या पुसेगावच्या यात्रेत तंबू टॉकीज ओळीने उभ्या राहत. तंबूचा मालक रिक्षातून कर्ण्यावर ओरडत गावभर फिरे आणि सिनेमाचं वय किती याची कुणी चौकशी करत नसे. 'लागलाय' एवढंच पुरेसं होतं. आमची आजी एकच सिनेमा चार जत्रांत चार वेळा बघून आली होती. कथा तिला पाठ होती. पडद्यावरच्या सासूने तोंड उघडायच्या आतच ती सासूला शिव्या घालायला लागे.

अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' १९५९ मध्ये पुण्याच्या विजयानंदला लागला आणि दोन वर्षांहून जास्त हलला नाही. दादा कोंडक्यांचे सिनेमे 'सोंगाड्या'पासून पुढे कित्येक वर्षं मॅटिनीला फिरत राहिले. 'शोले' १९७५ च्या १५ ऑगस्टला आला आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला. पहिली तीन वर्षं नेहमीच्या खेळांना, उरलेली मॅटिनीला. मराठा मंदिरात ऑक्टोबर १९९५ पासून चालत आलेला 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे'चा सकाळी साडेअकराचा खेळ हा त्याच जगाचा उरलेला तुकडा आहे. डिसेंबर २०१४ मध्ये त्याचे हजार आठवडे पूर्ण झाले. मुंबई सेंट्रलला बाहेरगावची गाडी पकडायला आलेला माणूस मधले तीन तास तिथे काढतो.

ही रीत मोडायला टीव्हीपासून सुरुवात झाली. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि शनिवारी संध्याकाळी मराठी, रविवारी हिंदी सिनेमा घरात आला. तरी तो आठवड्याला एक, तोही काळा-पांढरा आणि ज्यांच्याकडे संच त्यांच्या ओट्यावर. खरा घाव १९८२ नंतर बसला. एशियाडच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला, पाठोपाठ व्हिडिओ आला, कॅसेटची दुकानं गल्लोगल्ली निघाली, आणि नव्वदच्या दशकात केबलवाला रोज दोन-तीन सिनेमे दाखवू लागला. जुना सिनेमा बघायला कुणी तिकीट काढेना. वितरकाच्या लेखी त्या पेट्या एका रात्रीत भंगार झाल्या.

पुढे जे झालं ते लिहिताना हात जड होतो. गोदामाचं भाडं कोण भरणार? काळ्या-पांढऱ्या फिल्ममध्ये चांदी असते, ती काढून विकणारे होते. हक्कांची मुदत संपली की प्रिंटवर कुऱ्हाड चालवायची, म्हणजे कुणी ती चोरून दाखवणार नाही, असाही धंद्याचा दंडक होता. १९५० च्या आसपासपर्यंतची फिल्म नायट्रेटची. ती ठिणगीने पेट घेते आणि नुसती पडून राहिली तरी चिकट होऊन तिचा भुगा होतो. नंतर आलेली ॲसिटेटची पट्टी सहजी पेट घेत नाही, पण दमट हवेत आंबते. असा डबा उघडला की व्हिनेगरचा वास नाकात जातो, आणि आतली पट्टी आक्रसून वाकडी झालेली असते. भारतात तेराशेहून जास्त मूकपट निघाले. त्यातले आज थोडेबहुत बघता येतील असे तीससुद्धा उरलेले नाहीत.

जे उरलं त्यातलं बरंचसं पुण्यामुळे उरलं. फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, आणि पुढच्याच वर्षी तिथे आलेल्या पी. के. नायर यांनी १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत देशभरातून डबे गोळा केले. निर्मात्यांची घरं, वितरकांची गोदामं, भंगारवाले, जिथून मिळेल तिथून. तरी जानेवारी २००३ मध्ये जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या नायट्रेटच्या कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांचं मूळ साहित्य त्यात गेलं. 'संत तुकाराम' आपण आजही बघतो तो त्याच्या दुसऱ्या प्रती होत्या म्हणून. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवलेला हा सिनेमा, त्याच्या गावातच त्याचा पहिला जीव जळाला, हे मला अजून सहन होत नाही.

जुना सिनेमा परत आणायची हिंमत पुन्हा आली ती संगणकामुळे. के. आसिफ यांना 'मुघल-ए-आझम' अख्खा रंगीत करायचा होता. पैसा आणि वेळ संपत आल्याने १९६० मध्ये एक गाणं आणि शेवटचा भाग एवढाच रंगीत होऊ शकला. उरलेला भाग संगणकावर रंगवून १२ नोव्हेंबर २००४ ला, ऐन दिवाळीत, तो पुन्हा लागला आणि शहारुखच्या नव्या सिनेमासमोर टिकला. मूळ काळ्या-पांढऱ्या चित्रीकरणावर रंग चढवणं मला पसंत नाही. त्यातला छायाप्रकाश काळ्या-पांढऱ्यासाठीच बेतलेला होता. पण त्या दिवाळीने एक गोष्ट ठरवली. चव्वेचाळीस वर्षांच्या सिनेमाला लोक थिएटरचं तिकीट काढतात, हे धंद्याला कळलं. मग 'नया दौर' रंगीत झाला, 'शोले' जानेवारी २०१४ मध्ये त्रिमितीत आला, आणि २०१६ मध्ये व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' डिजिटल होऊन मराठी मुलखात परत फिरला.

दरम्यान थिएटरमधून प्रोजेक्टरची घरघर गेली. २०१३-१४ पर्यंत बहुतेक ठिकाणी फिल्म बंद झाली आणि सिनेमा हार्ड डिस्कवर किंवा उपग्रहावरून येऊ लागला. याचा परिणाम सावकाश कळला. पूर्वी शंभर थिएटरांत सिनेमा लावायचा तर शंभर प्रिंट काढाव्या लागत, आणि जुन्या सिनेमासाठी तेवढा खर्च करायला कुणी धजत नसे. आता एकदा चांगली डिजिटल प्रत तयार झाली की ती दहा पडद्यांवर लावा नाहीतर हजार, जादा खर्च नावापुरता.

त्यात कोरोना आला. महाराष्ट्रातली थिएटरं मार्च २०२० मध्ये बंद झाली, मध्ये थोडी उघडली, पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत उघडली. नव्या सिनेमांची रांग विस्कटली होती. मल्टिप्लेक्समध्ये पाच-सहा पडदे आणि दाखवायला दोन सिनेमे, असे आठवडे येऊ लागले. ऑक्टोबर २०२२ मध्ये अमिताभ बच्चन ऐंशीचे झाले, तेव्हा जुने सिनेमे जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्यांचे ११ जुने सिनेमे १७ शहरांत लावले. लोक नाचले, पडद्याच्या तोंडाशी गेले. पुढे दिलीपकुमार आणि देव आनंद यांचे सिनेमे आले. डिसेंबर २०२४ मध्ये राज कपूर यांच्या शताब्दीला १० सिनेमे ४० शहरांत १३५ थिएटरांमध्ये लागले, तिकीट १०० रुपये. तिकडे दक्षिणेत चाहत्यांनी हे आधीच हातात घेतलं होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये महेश बाबूच्या वाढदिवसाला 'पोकिरी', एप्रिल २०२४ मध्ये विजयचा 'घिल्ली'.

यातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो भाग वेगळा आहे. 'तुंबाड' किंवा 'सनम तेरी कसम'ला गर्दी करणारी पोरं आठवणी उगाळायला येत नाहीत. त्यांनी तो सिनेमा मोबाइलवर, पाच इंचांत, अर्धा बसमध्ये आणि अर्धा पांघरुणात बघितलेला असतो. मोठ्या पडद्यावर त्यांची ती पहिलीच भेट असते. ज्या मोबाइलने थिएटर संपवलं असं आपण म्हणत होतो, त्यानेच या सिनेमांना त्यांचा प्रेक्षक मिळवून दिला.

मात्र जाहिरातीत '४के' लिहिलं म्हणून सिनेमा जपला गेला असं कुणी समजू नये. पुष्कळदा टीव्हीसाठी केलेली प्रत संगणकावर घासूनपुसून चकचकीत केलेली असते. तिच्यातले चेहरे मेणाचे दिसतात. खरी दुरुस्ती निगेटिव्हपासून, म्हणजे कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ पट्टीपासून सुरू होते. पट्टी हाताने साफ करायची, तिच्या कडेची फाटलेली भोकं चिकटवायची, एकेक चौकट स्कॅन करायची, आणि छायालेखक हयात असेल तर रंग त्याला विचारून ठरवायचे. श्याम बेनेगल यांचा 'मंथन' असा दुरुस्त होऊन मे २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून तो १९७६ मध्ये काढला होता. कानहून परतल्यावर जूनमध्ये तो आपल्या थिएटरांत लागला.

'शोले'चं काम याहून अवघड होतं. कॅमेऱ्यातलं मूळ निगेटिव्ह खराब झालेलं. ७० मिलिमीटरची एकही प्रिंट शिल्लक नाही. इंग्लंडमधल्या एका गोदामात ठेवलेले डबे सापडले आणि त्यात मूळ शेवट निघाला. आणीबाणीत सेन्सॉरने तो बदलायला लावला होता. आपण सगळ्यांनी पाहिलेल्या शेवटात ऐनवेळी पोलीस येतात आणि ठाकूर थांबतो. रमेश सिप्पींनी आधी चित्रित केलेल्या शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार मारतो. २७ जून २०२५ ला इटलीतल्या बोलोन्याच्या भर चौकात उघड्यावर हा 'शोले' दाखवला गेला, आणि १२ डिसेंबरला तो भारतात लागला. शेवटी संजीवकुमारचा ठाकूर खाली कोसळून रडतो. तो हुंदका आपल्या थिएटरांत पोचायला पन्नास वर्षं लागली.

त्याच वर्षी, २०२५ च्या ऑगस्टमध्ये, उलटं काहीतरी घडलं. 'रांझणा'ची तमिळ आवृत्ती पुन्हा लागली ती कृत्रिम बुद्धिमत्तेने शेवट बदलून. मरणारा नायक त्यात जिवंत होतो. दिग्दर्शक आनंद एल. राय यांनी उघड विरोध केला, पण हक्क निर्मात्या कंपनीकडे होते. हे मला आगीइतकंच भयंकर वाटतं. आगीत गेलेलं निदान गेलं म्हणून कळतं.

मराठीचं काय? आपल्याकडे मागणी नाही असं नाही. 'सैराट'ला पुन्हा गर्दी झालीच. अडचण डब्यांची आणि कागदांची. निर्माता गेला, वारस चार ठिकाणी, लॅब बंद पडलेली, निगेटिव्ह कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही, आणि जी प्रत आहे ती जुन्या टीव्हीच्या दर्जाची. केंद्राने २०२२ मध्ये चित्रपटांच्या दुरुस्तीसाठी ३६३ कोटी रुपये आणि सुमारे २२०० चित्रपटांचं काम जाहीर केलं, त्यात मराठी सिनेमे आहेत. पण दुरुस्त झालेला मराठी सिनेमा आठवडाभर दुपारच्या खेळाला लावायला इथल्या थिएटरवाल्यांना आणि मराठी वितरकांनाच पुढे यावं लागेल.

लॉ कॉलेज रस्त्यावरच्या संग्रहालयात मी 'कालिया मर्दन' पाहिला होता. फाळक्यांचा १९१९ चा मूकपट. त्याचे तुकडे नायरांनी मिळवले आणि फाळक्यांच्या टिपणवहीच्या आधाराने ते क्रमाने लावले. सिनेमा सुरू होण्याआधी फाळके आपल्या मुलीला, मंदाकिनीला, कॅमेऱ्यासमोर बसवतात. सहा-सात वर्षांची पोर. नुसता चेहरा दिसतो. ती हसते, रुसते, रागावते, डोळे मोठे करते, आणि मग हळूहळू तिचा कृष्ण होतो. माझ्या पुढच्या रांगेत एक मुलगी आईच्या मांडीवर बसली होती. मंदाकिनीने गाल फुगवले, तेव्हा त्या अंधारात तिनेही फुगवले.