विण्णैत्ताण्डि वरुवाया

विण्णैत्ताण्डि वरुवाया हा गौतम वासुदेव मेनन यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला तमिळ प्रेमपट २६ फेब्रुवारी २०१० रोजी प्रदर्शित झाला. शीर्षकाचा अर्थ ‘आभाळ ओलांडून येशील का?’ असा होतो. चेन्नईतील एक तमिळ हिंदू तरुण आणि त्याच्याहून वयाने वर्षभर मोठी असलेली केरळी सिरियन ख्रिस्ती तरुणी यांच्या प्रेमाची ही कथा आहे. सिलंबरसन व त्रिशा यांनी प्रमुख भूमिका केल्या. संगीत ए. आर. रहमान यांचे, गीते प्रामुख्याने तामरै यांची, छायालेखन मनोज परमहंस यांचे आणि संकलन अँथनी यांचे आहे. आंतरधर्मीय प्रेमाकडे घराच्या उंबरठ्याच्या आतून पाहणारा चित्रपट म्हणून तमिळ प्रेमपटांत त्याचे स्थान वेगळे आहे.

यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या कार्तिकला चित्रपट दिग्दर्शक व्हायचे आहे. त्याचे कुटुंब एका घरात भाड्याने राहायला येते आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकांची मुलगी जेसी फाटकापाशी त्याच्या दृष्टीस पडते. मूळचे आलप्पुळा भागातील हे ख्रिस्ती कुटुंब धर्मनिष्ठ आहे. वडील जोसेफ (बाबू अँटनी) करारी स्वभावाचे असून चित्रपटांविषयी त्यांना मुळीच आस्था नाही. कार्तिक उतावळेपणाने प्रेम व्यक्त करतो, जेसी ते नाकारते, काही दिवसांनी मैत्रीला होकार देते आणि मग स्वतःच्याच होकाराला घाबरते. ती आजोळी केरळात गेल्याचे कळताच कार्तिक गणेश या छायालेखक मित्रासह तिच्या मागे जातो. पुढे तिचे लग्न ठरते, परंतु चर्चमध्ये धर्मगुरूने संमती विचारल्यावर ती सर्वांसमक्ष नकार देते. या प्रसंगाचे चित्रीकरण कुट्टनाडमधील पुळिंकुन्नू येथील चर्चमध्ये झाले आणि त्यानंतर ते चर्च चित्रपटाच्या चाहत्यांचे भेटीचे ठिकाण झाले.

नेहमीच्या प्रेमपटात हा नकार कथेचा शेवट ठरला असता. येथे खरी अडचण त्यानंतर सुरू होते. जेसीने ठरलेले लग्न मोडले, पण कार्तिकशी लग्न करायचे म्हणजे आईवडिलांना कायमचे दुरावायचे, ही भीती तिच्या मनातून जात नाही. ती कधी पळून जायला तयार होते, तर कधी माघार घेते. कार्तिक त्या काळात साहाय्यक दिग्दर्शक म्हणून कामात गुंतलेला असतो आणि तिच्या निर्णयाची घटका व त्याच्या सवडीची घटका जुळत नाही. अखेर ती दुसऱ्याशी लग्न करून परदेशी जाते. कार्तिक आपल्या प्रेमावर ‘जेसी’ नावाचा चित्रपट काढतो. पडद्यावरच्या त्या चित्रपटात दोघांचे लग्न होते. प्रेक्षागृहात शेजारी बसून तो पाहणारे खरे कार्तिक आणि जेसी मात्र एकमेकांचा निरोप घेतात.

आंतरधर्मीय प्रेम हा विषय तमिळ चित्रपटाला नवा नव्हता. भारतीराजा यांच्या ‘अलैगळ ओय्वदिल्लै’ (१९८१) या चित्रपटात ब्राह्मण मुलगा जानवे आणि ख्रिस्ती मुलगी गळ्यातील क्रूस काढून टाकते. धर्म मागे टाकूनच प्रेम पुढे जाऊ शकते, असे तो चित्रपट उघडपणे सांगतो. मणिरत्नम यांच्या ‘बॉम्बे’त (१९९५) हिंदू-मुस्लिम जोडपे तमिळनाडूतील गाव सोडून मुंबईत येते आणि १९९२-९३ च्या दंगलींत सापडते. ‘कादलुक्कु मरियादै’ (१९९७) मध्ये हिंदू मुलगा आणि ख्रिस्ती मुलगी घरच्यांच्या मायेपोटी आपापल्या घरी परततात आणि शेवटी घरचेच त्यांना एकत्र आणतात. या तिन्ही चित्रपटांत धर्माचा अडसर बाहेर आहे व तो नायक-नायिकेला दिसतो. ‘विण्णैत्ताण्डि वरुवाया’मध्ये दंगल नाही, जमाव नाही, कोणी धर्मांतराची अट घालत नाही. जेसीच्या भावाशी झालेली मारामारी सोडली, तर संघर्षाला दृश्य रूप असे फारसे मिळतच नाही. धर्म येथे वडिलांच्या नजरेत, रविवारच्या चर्चमध्ये, घराण्याच्या नावात आणि जेसीच्या अर्धवट राहिलेल्या वाक्यांत आहे. चित्रपटाचा वास्तववाद खऱ्या अर्थाने याच ठिकाणी आहे. भारतीय घरांतील असंख्य आंतरधर्मीय नाती अशीच, कोणाच्याही हातात शस्त्र नसताना संपतात.

ही भीती समजून घेण्यासाठी जेसीच्या समाजाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते. केरळमधील सिरियन ख्रिस्ती आपली परंपरा इ. स. ५२ मध्ये आलेल्या संत थॉमसपर्यंत नेतात. घराण्याचे नाव त्यांच्यात फार जपले जाते आणि विवाह बहुधा समाजातच होतात. विशेष म्हणजे त्यांच्या विवाहविधीत हिंदू रिवाजाशी नाते सांगणाऱ्या गोष्टी आहेत: वर वधूच्या गळ्यात क्रूसाचे चिन्ह असलेला ‘मिन्नु’ बांधतो व तिला ‘मंत्रकोडी’ ही साडी देतो. चालीरीती इतक्या जवळ असूनही घरे एकमेकांपासून दूर राहतात, हे या कथेतील दुःखाचे एक मूळ आहे. कायद्याने मार्ग खुला आहे; १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार धर्म न बदलता लग्न करता येते. मात्र त्यासाठी ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते व ती विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावली जाते. घरच्यांना कळू न देता लग्न करू पाहणाऱ्या जोडप्याला हे ३० दिवस किती लांब वाटत असतील, याची कल्पना जेसीकडे पाहून येते.

मेनन यांचे वडील मल्याळी आणि आई तमिळ. शिवाय कार्तिकप्रमाणे त्यांनीही यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आहे. दोन भाषांच्या सीमेवरचे हे जगणे चित्रपटात सहज उतरले आहे. तोपर्यंत संगीतकार हॅरिस जयराज यांच्यासोबत गाजलेली गाणी देणाऱ्या मेनन यांचा रहमान यांच्यासोबतचा हा पहिला चित्रपट होता. ‘ओमन पेण्णे’त मल्याळी लाडाचा शब्द तमिळ ओळीत येतो, तर अल्फॉन्स जोसेफ यांनी गायलेले ‘आरोमले’ हे गीत मल्याळममध्येच आहे. ‘मन्निप्पाया’ या गाण्यात ‘तिरुक्कुरळ’ या प्राचीन तमिळ ग्रंथातील दोहे (कुरळ) गुंफले आहेत, प्रेमाला कोंडून ठेवणारी कडी असते का, असे विचारणारा ७१ वा कुरळ त्यांत आहे. ज्या दारांपुढे ही दोघे अडली आहेत, त्यांच्यासाठी याहून समर्पक ओळ सापडली नसती. या चित्रपटासाठी रहमान यांना संगीताचे आणि तामरै यांना गीतलेखनाचे तमिळ फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. त्रिशाच्या संवादांना चिन्मयी यांचा आवाज आहे.

चित्रपटाची तेलुगू आवृत्ती ‘ये माय चेसावे’ सोबतच चित्रित होऊन त्याच दिवशी प्रदर्शित झाली. तीत नाग चैतन्य व समंता यांच्या भूमिका आहेत आणि शेवटी दोघांचे मीलन होते. तमिळ आवृत्तीत समंता छोट्या भूमिकेत, कार्तिकच्या चित्रपटाची नायिका म्हणून दिसते. एकाच दिग्दर्शकाने एकाच कथेला एकाच दिवशी दोन शेवट द्यावेत, ही घटना दुर्मीळ आहे. तेलुगू शेवट सुखावतो. तमिळ शेवट मात्र जेसीच्या स्वभावाशी अधिक प्रामाणिक आहे.

हिंदी रूपांतर ‘एक दीवाना था’ (२०१२) मुंबईत घडते व त्यातील नायक सचिन कुलकर्णी हा मराठी ब्राह्मण कुटुंबातील आहे. ही भूमिका स्मिता पाटील यांचे पुत्र प्रतीक यांनी केली, तर जेसी अ‍ॅमी जॅक्सन झाली. ‘होसाना’ या गाण्यावर मुंबईतील एका ख्रिस्ती संघटनेने आक्षेप घेतला. मराठी बायबलमध्ये ‘होसान्ना’ असा येणारा हा शब्द येशूच्या यरुशलेमप्रवेशाच्या वेळचा जयघोष असल्याने प्रेमगीतातील त्याचा वापर काहींना खटकला. चित्रपट तिकीटबारीवर चालला नाही. चेन्नई आणि आलप्पुळा यांच्यात एका रात्रीच्या रेल्वेप्रवासाचे अंतर आहे. भाषा, जेवण, नाती यांतही हे दोन प्रदेश शेजारी आहेत. कुलकर्ण्यांच्या घरातून पाहताना ते शेजारपण हरवले आणि त्याबरोबर कथेतील ताणही सैल झाला, असे म्हणता येते.

मूळ चित्रपटातही एक उणीव आहे. सारी कथा कार्तिकच्या तोंडून ऐकू येते. जेसी एकटी असताना काय विचार करते, हे प्रेक्षकाला क्वचितच कळते. नकारानंतरही तिच्या मागे गावापर्यंत जाणे चित्रपटाला गोड वाटते, पण तिच्या बाजूने पाहिले तर ते दडपणच आहे. अनेक वर्षे तरुण प्रेक्षकांनी जेसीला चंचल ठरवले. दोन्हीकडून ओढली जाणारी मुलगी अखेर स्वतःचा निर्णय घेते व तो कार्तिकला समजावून सांगण्याचे बंधन मानत नाही, हे वाचन पुढे रुजत गेले. मे २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात मेनन यांनी याच दोन पात्रांवर ‘कार्तिक डायल सेय्द एण’ हा लघुपट काढला. त्यात कार्तिक जेसीला फोन करतो आणि दोघे आपापल्या घरांतून बोलतात.