तुमच्या रिमोटच्या बोटीचा स्पीड वाढवताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

इलेक्ट्रिक बोटीचा स्पीड वाढवायचा म्हटलं की काउंटरवर पहिली मागणी येते ती मोठ्या बॅटरीची. आम्ही ती लगेच काढून देत नाही. काही ग्राहकांना याचं नवल वाटतं, काहींना रागही येतो, म्हणून आमचं म्हणणं इथे नीट मांडतो. जास्त सेलची बॅटरी लावणं हे सगळ्यात सोपं काम आहे, आणि दुरुस्तीला येणाऱ्या जळक्या बोटींमागेही बहुतेक वेळा तेच असतं. स्पीड आधी बोटीच्या मागच्या टोकाला शोधायचा: शाफ्ट (मोटर आणि पंखा जोडणारा दांडा), पंखा, वजनाची मांडणी, तळाच्या कडा. बॅटरी आणि मोटरचा नंबर त्यानंतर. या क्रमाने गेलात तर आहे तीच मोटर बरंच काही देऊन जाते. पुढे मोठी मोटर घातलीच, तर तिची ताकद पाण्यात पोचते, घर्षणात जिरत नाही.

शाफ्टपासून सुरुवात

बॅटरी काढून ठेवा. कपलरचा (मोटर आणि शाफ्ट जोडणाऱ्या तुकड्याचा) स्क्रू सैल करून शाफ्ट मोटरपासून सोडवा आणि पंखा बोटाने फिरवा. फेइलून कंपनीच्या एफटी००९ बोटीच्या वर्गातल्या दीड फुटी बोटींत शाफ्ट म्हणजे सरळ सळई असते. टिचकी मारली की ती दोन-तीन फेरे सहज घेते. मोठ्या बोटींत तारेच्या वेढ्यांचा फ्लेक्स शाफ्ट असतो. त्यातलं ग्रीस दाट असल्याने तो इतका मोकळा फिरणार नाही, पण पूर्ण फेऱ्यात कुठे अडता कामा नये. एकाच जागी जड लागत असेल तर शाफ्ट किंवा नळी वाकली आहे, नाहीतर मोटर शाफ्टच्या रेषेत बसलेली नाही. माउंटचे स्क्रू ढिले करा, कपलर ओढाताण न होता बसेल तिथे मोटर सरकवा आणि मग आवळा. एवढ्यावरच कित्येक बोटींचा आवाज बदलतो.

फ्लेक्स शाफ्ट बाहेर ओढला की त्याची अवस्था लगेच कळते. ग्रीस दुधाळ झालं असेल तर नळीत पाणी शिरलं आहे. काळपट आणि चिमटीत खरखरीत लागत असेल तर धातू झिजतो आहे. जुन्या कापडाने तार कोरडी पुसा, नळीही आतून साफ करा, मरीन ग्रीस चोपडा आणि शाफ्ट फिरवत फिरवत आत घाला. हे ज्या दिवशी बोट चालवली त्याच दिवशी संध्याकाळी करायचं. साधं ग्रीस पाण्याने लवकर धुऊन निघतं, त्यावर भागवू नका.

याच ठिकाणी एक बारीक गोष्ट आहे, जी नव्या माणसाला कोणी सांगत नाही. जोर आला की फ्लेक्स शाफ्टची तार पिळली जाते आणि किंचित आखूड होते. त्यामुळे पंख्यापुढचा ड्राइव्ह डॉग (शाफ्टवर बसून पंख्याला फिरवणारा तुकडा) आणि स्ट्रट (बोटीच्या मागे शाफ्टला आधार देणारा भाग) यांच्यामध्ये साधारण ३ मिलिमीटर फट सोडावी लागते. फट नसली तर पूर्ण थ्रॉटलवर डॉग स्ट्रटला घासतो, फेरे पडतात आणि मोटर तापते. बोट किनाऱ्यावर आणून पाहिली तर सगळं ठीक दिसतं, कारण जोर गेला की तार पुन्हा मूळ लांबीवर येते. ओळखायचं कसं? स्ट्रटच्या मागच्या तोंडावर चकचकीत गोल रेघ उमटलेली दिसते. ती दिसली की कपलर सोडा आणि शाफ्ट थोडा मागे घेऊन फट वाढवा.

पंखा: इथे खरा स्पीड आहे

बोटीबरोबर आलेला प्लास्टिकचा पंखा जोराखाली वाकतो. पातं वाकलं की त्याचा पिच बदलतो आणि मोटरने दिलेली ताकद नुसता फेस करण्यात जाते. त्याच मापाचा धातूचा पंखा लावला तर बदल पहिल्याच फेरीत जाणवतो.

पंख्याचं माप दोन आकड्यांत असतं: व्यास आणि पिच. पिच म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात पंखा हिशोबाने किती पुढे जाईल ते अंतर. ऑक्ट्युरा कंपनीच्या एक्स मालिकेतल्या पंख्यांत पिच व्यासाच्या १.४ पट असतो, म्हणजे ४० मिलिमीटरच्या पंख्याचा पिच ५६ मिलिमीटर. पिच वाढवला तर वरचा स्पीड वाढतो आणि करंटही वाढतो. व्यास वाढवण्याच्या बाबतीत मात्र हात आखडता ठेवा. फेरे तेवढेच राहिले तर पंख्याला लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताने वाढते. ३६ ऐवजी ४० मिलिमीटरचा पंखा दिसायला जेमतेम मोठा, पण तो जवळजवळ ७० टक्के जास्त ताकद मागतो. म्हणून पंखा बदलताना एकेक-दोनदोन मिलिमीटरच पुढे जा.

धातूचे चांगले पंखे बरेचदा कच्च्या कडांचे येतात. त्यांना धार लावावी लागते आणि तोलावं लागतं. तोलण्यासाठी गुळगुळीत सळई पंख्यातून ओवा आणि दोन समांतर पात्यांच्या धारेवर आडवी ठेवा. जड पातं स्वतःहून खाली जातं. त्याच्या पाठीवरून थोडं थोडं घासत, पंखा कुठल्याही स्थितीत स्थिर राहीपर्यंत पुन्हा तपासत राहा. न तोललेला पंखा मिनिटाला २५ हजार फेऱ्यांवर स्ट्रटमधलं बुशिंग (शाफ्ट ज्यात टेकून फिरतो ती नळी) लवकरच खाऊन टाकतो.

मात्र ही सूचना कृपया गांभीर्याने घ्या: यातले बरेच पंखे बेरिलियम कॉपरचे असतात आणि बेरिलियमची धूळ फुप्फुसांना घातक आहे. असा पंखा कोरडा घासू नका, ग्राइंडरवर तर मुळीच धरू नका. पाण्याखाली वॉटर पेपरने घासा, मास्क आणि हातमोजे घाला, ते पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका. घरात लहान मुलं असतील तर हे काम आमच्याकडे द्या.

वजन, स्ट्रट आणि तळ

एकाच पंख्याच्या बोटीचा तोल मागच्या कडेपासून लांबीच्या साधारण ३० टक्क्यांवर असावा. ७० सेंटिमीटरच्या बोटीत तो मागून २१ सेंटिमीटरवर येतो. बॅटरी ठेवून, झाकण लावून, दोन बोटांवर बोट उचलून पाहा. नाक पाण्यात घुसत असेल तर बॅटरी थोडी मागे घ्या. नाक सारखं वर-खाली उड्या मारत असेल तर पुढे. पंखा मागून पाहताना उजवीकडे फिरत असेल तर बोट डावीकडे कलते, तेव्हा बॅटरी किंचित उजवीकडे सरकवली की ती सरळ बसते.

स्ट्रट सुरुवातीला तळाशी समांतर ठेवा. त्याचं मागचं टोक जरा खाली वळवलं तर बोटीची मागची बाजू उचलली जाते आणि नाक खाली येतं. वर वळवलं तर उलट. अर्ध्या अंशाचा फरकसुद्धा पाण्यावर दिसतो. ज्या बोटींत पंखा अर्धा पाण्याबाहेर राहून चालतो, त्यांत स्ट्रट थोडा उंच केला की करंट उतरतो. मात्र फार उंच केला तर पंखा हवा पकडतो आणि मागे तुरा उंच उडूनही बोट पुढे जात नाही.

तळाच्या मागच्या भागावर स्टीलची पट्टी धरून पाहा. पट्टीखाली उजेड दिसला तर तळ आत दबलेला आहे आणि तो नाक खाली ओढतो. मागची कड आणि तळावरच्या धारा टोकदार हव्यात, म्हणजे पाणी सुटून निघतं. रंग लावताना त्या गोल झाल्या असतील तर वॉटर पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून परत धारदार करा. अपघाताने उलटली तर आपोआप सुलटी होणारी बोट असेल, तर वजन हलवल्यावर हा गुण राहिला आहे का ते किनाऱ्याजवळ हाताने उलटी करून आधी तपासा.

आता बॅटरी

मोटरचा केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे. २००० केव्हीची मोटर ४ सेलच्या लायपोवर (लिथियम पॉलिमर बॅटरीवर), म्हणजे १४.८ व्होल्टवर, मोकळी २९,६०० फेरे घेईल. पाण्यात ते ८० टक्के राहिले असं धरा: सुमारे २३,७००. गुणिले ५६ मिलिमीटर पिच म्हणजे मिनिटाला १,३२७ मीटर, तासाला जवळपास ८० किलोमीटर. पंख्याची घसरण पंधरा-वीस टक्के वजा केली की प्रत्यक्षात ६५ च्या आसपास. तुमच्या बोटीचे आकडे घालून हाच हिशोब करा, म्हणजे नवीन पंख्याकडून किंवा बॅटरीकडून किती अपेक्षा ठेवायची ते कळेल.

आता सेल वाढवल्यावर काय होतं ते पाहा. २ सेलवर २० अँपिअर ओढणारी बोट, म्हणजे १४८ वॉट. तिला तोच पंखा ठेवून ३ सेल लावले तर फेरे दीडपट होतात, करंट सव्वादोनपट होऊन ४५ अँपिअरवर जातो आणि ताकद ५०० वॉटच्या घरात पोचते. प्रत्यक्षात मोटर थोडी दबते, त्यामुळे आकडा जरा कमी येईल, पण २० अँपिअरसाठी केलेल्या ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरला) तोही झेपणार नाही. स्पीड मात्र दीडपटसुद्धा होत नाही. तेव्हा सेल वाढवायचे तर पंखा लहान करा. याच बोटीचा पंखा ३६ वरून ३२ मिलिमीटरवर आणला तर ५०० वॉटचे २८० च्या आत येतात. तेही मूळ ताकदीच्या दुपटीजवळ आहे, म्हणून ईएससी आणि कनेक्टर त्या मानाने आहेत का हे आधी पाहायचं.

काही बोटी मुळातच कमाल व्होल्टवर चालतात. ट्रॅक्ससची स्पार्टन दोन ३ सेलच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून २२.२ व्होल्टवर धावते. तिथे सेल वाढवायला जागाच नाही, जे काही मिळेल ते पंखा आणि मांडणीतूनच.

बॅटरीवरच्या सी आकड्यावर (क्षमतेच्या किती पट करंट देता येईल ते सांगणाऱ्या) फार विसंबू नका. ५००० एमएएच आणि ५० सी लिहिलेली बॅटरी कागदावर २५० अँपिअर देते. आम्ही निम्मे धरून चालतो. सरासरी ६० अँपिअर ओढणारी बोट या बॅटरीच्या ८० टक्क्यांत चार मिनिटं पळते. त्यापुढे ताणली की सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊन फुगतात.

मोटर आणि ईएससी बदलायचा असेल तर

ब्रशची मोटर काढून ब्रशलेस घालताना ईएससीही बदलावाच लागतो. मोटरवरच्या ३६६० सारख्या आकड्यात पहिले दोन व्यास सांगतात, पुढचे दोन लांबी, मिलिमीटरमध्ये. बाहेरचा डबा स्थिर राहणारी इनरनर मोटर घ्या, कारण तिच्यावर पाण्याचं जॅकेट चढतं. ईएससी मोजलेल्या करंटपेक्षा निदान दीडपट अँपिअरचा हवा. एक्सटी६० कनेक्टर ६० अँपिअरपर्यंत ठीक, पुढे एक्सटी९० लावा. वायरी पुरत नसतील तर मोटरकडच्या वाढवा. बॅटरीकडच्या वाढवल्या तर ईएससीचे कपॅसिटर उडतात.

थंड पाणी आणि टेम्परेचर गन

रडरमधून (सुकाणूतून) येणारं पाणी आधी ईएससीत, मग मोटरच्या जॅकेटमध्ये न्या. बोट पाण्यात सोडण्याआधी नळीत तोंडाने फुंकर मारा. दुसऱ्या टोकाला हवा मोकळी आली पाहिजे. शेवाळाचा एक धागा नळी बंद करायला पुरतो. बाहेर पडणारी धार तुमच्या बाजूने दिसेल अशी ठेवा, म्हणजे चालवतानाच लक्ष राहतं.

प्रत्येक बदलानंतर बोट फक्त दोन मिनिटं चालवा, परत आणा आणि टेम्परेचर गन लावा. मोटर ७० अंशांच्या, ईएससी ६० च्या आणि बॅटरी ५० च्या वर असेल तर तो बदल मागे घ्या किंवा पंखा लहान करा. साध्या निओडायमियम चुंबकांची ताकद ८० अंशांच्या पुढे कायमची घटू लागते; मोटर जळली नाही तरी पूर्वीसारखी ओढत नाही. एप्रिल-मेमध्ये तळ्याचं पाणीच कोमट असतं, तेव्हा हिवाळ्यात बसवलेला पंखा उन्हाळ्यात एक माप खाली आणा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर काय फळलं आणि काय नडलं ते कळत नाही.

पाण्यावर

पुण्याच्या आसपास नदी-तलावांत जलपर्णी माजते. तिची मुळं पंख्यात गुंतली की मोटर जागीच अडते आणि ईएससी काही सेकंदांत जळू शकतो. बोट अचानक मंदावली तर थ्रॉटल पूर्ण सोडा, पुन्हा पुन्हा जोर देऊन सोडवण्याचा प्रयत्न करू नका. अडकलेली बोट आणायला गळाची रीळ आणि टेनिसचा चेंडू जवळ ठेवा. तिच्यासाठी पाण्यात उतरू नका, तळ्यांच्या कडेला गाळ किती खोल आहे ते वरून दिसत नाही. धरणाच्या पाण्यावर जायचं असेल तर परवानगी लागते का ते पाटबंधारे खात्याच्या चौकीवर आधी विचारा. पोहणारी माणसं, गुरं, पाणपक्षी जवळ असतील तर बोट सोडू नका. ताशी ६० किलोमीटरने पळणाऱ्या बोटीची धातूची पाती हाडापर्यंत कापतात.

रिमोटचा २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्यातून जात नाही, म्हणून रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर, उभ्या नळीत ठेवा. झाकणाच्या फटीवर टेप लावा आणि नाकात फोम भरा, म्हणजे पाणी शिरलं तरी बोट तरंगेल. कोकणात किंवा गोव्यात खाडीत चालवलीत तर त्याच दिवशी नळीतून गोडं पाणी सोडा, बेअरिंग पुसून तेल द्या.

घरी आल्यावर लायपो प्रत्येक सेलला ३.८ व्होल्टवर ठेवा, भरलेली ठेवू नका. चार्जिंग समोर बसून, आगरोधक पिशवीत, क्षमतेच्या एकपट करंटने करायचं. उन्हात उभ्या गाडीत ती कधीही ठेवू नका.

आमच्याकडे बोट आणताना

फक्त मोटर किंवा ईएससी सुटा आणू नका, पूर्ण बोट आणा: बॅटरी, रिमोट आणि शेवटच्या फेरीला लावलेला पंखा यांसह. पंखा आणि शाफ्ट पुसून आणू नका. ग्रीसचा रंग आणि स्ट्रटवरची रेघ बघूनच आम्हाला निम्मं निदान करता येतं. बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करायला जाऊ नका, वेगळ्या डब्यात घालून आणा आणि काउंटरवर ठेवण्याआधी तसं सांगा.