फुरशाची लस आणि देवीची लस

कोकणात गवत कापताना किंवा जांभ्याचा चिरा उचलताना फुरसं हा विषारी साप चावला, की माणसाला ‘लस द्यायला’ आरोग्य केंद्रात नेतात. बरा होऊन घरी आलेला माणूस मग विचारतो, ‘आता परत चावलं तर भीती नाही ना?’ प्रश्न रास्त आहे. देवीची लस वर्षानुवर्षं पुरायची, मग हीच का नाही?

घोटाळा शब्दाचा आहे. लस म्हणजे मुळात फोडातून, जखमेतून पाझरणारं पाणी. १७९६ साली एडवर्ड जेनरने गवळणीच्या हातावरल्या गोस्तन देवीच्या फोडातली लस आठ वर्षांच्या मुलाच्या दंडाला टोचली. मुंबईत १४ जून १८०२ ला ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली गेली आणि तिच्या हातावरच्या फोडातून पुढच्या मुलांना. जुन्या माणसांच्या दंडावरचा खोलगट व्रण त्याच परंपरेतला. इथे शरीर स्वतः लढतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी प्रतिपिंडं, म्हणजे शत्रूला धरून निकामी करणारी प्रथिनं, बनवतात आणि त्यांतल्या काही पेशी शत्रूची ओळख जपून ठेवतात.

सापाच्या लशीचा उगम निराळा. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि कितासातो यांनी धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या सशाचं रक्तद्रव उंदरांना टोचलं, आणि त्या विषाने मरायचे ते उंदीर जगले. लढाई सशाने केली होती, फायदा उंदरांना झाला! काही वर्षांतच आल्बेर काल्मेतने हीच युक्ती नागाच्या विषावर वापरली. पण नागासाठीचं रक्तद्रव दुसऱ्या जातीच्या विषावर चालेना, कारण प्रतिपिंड ज्याच्यासाठी घडलं त्यालाच धरतं. म्हणून आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांची विषं घोड्यांना थोडी थोडी, वाढत्या मात्रेने देऊन एकत्र प्रतिविष बनवतात. परळच्या हाफकिन संस्थेचं या कामातलं नाव कोकणाला परकं नाही.

तर ही प्रतिपिंडं उसनी, घोड्याची. काही दिवसांत-आठवड्यांत ती शरीरातून निघून जातात. एका दंशातल्या विषाने आपल्या पेशींत भरवशाचं संरक्षणही तयार होत नाही. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं: शरीर लक्षात ठेवतं ते घोड्याच्या प्रथिनाला. आठवड्या-दोन आठवड्यांनी काहींच्या अंगावर गांध्या उठतात, सांधे दुखतात, ताप येतो. पुन्हा प्रतिविष दिलं तर प्रतिक्रिया येण्याचा धोका अधिक असतो.

म्हणून दुसऱ्यांदा फुरसं चावलं तरी दवाखाना चुकत नाही. आधी लस घेतल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगावं. ते काचेच्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटांत गोठतं का पाहतील, प्रतिक्रिया आलीच तर द्यायचं औषध, ॲड्रेनलिन, हाताशी ठेवतील, आणि रक्त गोठत नसेल तर प्रतिविष पहिल्यासारखंच पूर्ण मात्रेत देतील.