प्रशिक्षकांसाठीची चालन-चाचणी (ब्रिटन)

ब्रिटनमध्ये पैसे घेऊन मोटार शिकवायची तर सरकारी नोंदवहीत नाव असावे लागते. १९७० पासून हे सक्तीचे आहे. नोंदणीच्या तीन परीक्षांपैकी दुसरी, म्हणजे ‘पार्ट टू’, उमेदवाराच्या स्वतःच्या चालनाची. उमेदवाराचे वय किमान २१ आणि परवाना किमान तीन वर्षांचा असतो, त्यामुळे तयारीचा बराच वेळ नवे शिकण्यापेक्षा अंगवळणी पडलेले मोडण्यात जातो.

पहिला हल्ला आरशांवर. कडेला व्हॅन उभी दिसली की आधी आतला आरसा, मग उजवा, गरज असेल तर सिग्नल, आणि त्यानंतरच स्टिअरिंग. व्हॅनचे दार अचानक उघडले तरी लागणार नाही एवढे अंतर ठेवायचे. मुरलेला चालक व्हॅनच्या अगदी जवळ जाऊन गाडी काढतो आणि वळतावळता आरसा पाहतो. तोवर मागचा मोटारसायकलवाला बाजूला आलेला असतो. प्रशिक्षक याच वेळी उमेदवाराला दिसेल ते मोठ्याने बोलायला लावतात: ‘पुढे व्हॅन, चाक उजवीकडे वळलेले, आत माणूस.’ नजर किती लांब जाते ते या बोलण्यातून लगेच कळते.

दुसरी खोड क्लचची. चौक दिसताच क्लच दाबला की इंजिनाचा अटकाव सुटतो, गाडी घरंगळते आणि वळणावर ताबा कमी होतो. आधी ब्रेकने वेग उतरवावा, क्लच गिअर बदलताना किंवा थांबण्याच्या बेतात. मधले गिअर सोडून चौथ्यावरून थेट दुसऱ्यावर आले तरी चालते.

अति जपून चालवणेही चूकच. राउंडअबाउटवर (गोल चौकात) जागा असताना थबकणे, रस्ता मोकळा असताना ६० मैलांच्या मर्यादेत ४५ ने रेंगाळणे, यांचीही नोंद होते.

चाचणी सुमारे तासाभराची. सुरुवातीला २६.५ मीटरवरून नंबरप्लेट वाचावी लागते (शिकाऊंना २० मीटर). ती जमली नाही तर गाडी सुरूच होत नाही. पुढे गाडीविषयी पाच प्रश्न, दोन रिव्हर्सचे प्रकार आणि सुमारे २० मिनिटे दिशाफलक किंवा नॅव्हिगेशनच्या आधारे चालन. किरकोळ चुका सहापर्यंत माफ, शिकाऊंना पंधरापर्यंत. गंभीर चूक एकही चालत नाही. संधी तीनच. तिसरीही हुकली तर पहिली परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासूनची दोन वर्षे सरेपर्यंत थांबून ती पहिली परीक्षाच पुन्हा द्यावी लागते.