एक्केचाळीस की चौदा? शालेय फुटबॉलच्या भाकितामागचं गणित

ओहायो राज्यातल्या मॅसिलन गावात मुलगा जन्मला की पाळण्यात त्याच्याशेजारी एक छोटा फुटबॉल ठेवायचा, अशी जुनी प्रथा आहे. गाव जेमतेम तीस-बत्तीस हजार वस्तीचं, पण शाळेच्या स्टेडियममध्ये सोळा हजारांवर माणसं बसतात. स्टेडियमला नाव आहे पॉल ब्राउन यांचं. १९३२ ते १९४० या काळात ते या शाळेचे प्रशिक्षक होते. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्यांचं मोठं नाव झालं. शेजारच्या कँटन गावातल्या मॅकिन्ली शाळेशी मॅसिलनची चुरस १८९४ पासूनची आहे. हा फुटबॉल अर्थातच अमेरिकी, लांबट चेंडूचा. तो हातात घेऊन पळायचं आणि मैदानाचं टोक गाठलं की सहा गुण; याला टचडाउन म्हणतात.

ओहायोमध्ये शाळांचा राज्यविजेता पूर्वी मैदानावर ठरतच नसे. क्रीडा पत्रकार मतं देत आणि जास्त मतं मिळवणारा संघ विजेता ठरे. मॅसिलनला हा मान कितीतरी वेळा मिळाला. १९७२ पासून बाद फेरीचे सामने, म्हणजे प्लेऑफ, सुरू झाले आणि मॅसिलनचं नशीब फिरलं. अंतिम सामन्यापर्यंत पोहोचायचं आणि तिथं हरायचं, असं वारंवार घडलं. २०१८, २०१९ आणि २०२० अशी सलग तीन वर्षं तर ओळीनं घडलं. अखेर २०२३ च्या नोव्हेंबरअखेर, तेही कँटनमध्ये, त्यांनी अंतिम सामना ७–२ असा जिंकला. त्या मोसमातले सोळाच्या सोळा सामने जिंकलेला हा संघ शेवटच्या दिवशी पाच गुणांनी तरला. या खेळात पाच गुणांची आघाडी एका धावेत पुसली जाते.

मी ओहायोची राजधानी कोलंबसजवळ राहतो. मुलगी शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, म्हणून ऑगस्टअखेरपासून दर शुक्रवारची संध्याकाळ आम्ही मैदानावर असतो. ऑक्टोबर लागला की आजूबाजूच्या प्रत्येकाच्या तोंडी दोनच प्रश्न असतात: आपण प्लेऑफमध्ये जाणार का, आणि गेलो तर कुठपर्यंत? सुरुवातीला मला ही गावगप्पा वाटली होती. खोलात गेल्यावर त्यामागचं गणित दिसलं, आणि ते इतकं देखणं आहे की मराठीत सांगावंसंच वाटलं.

अडचण अशी आहे. ओहायोत सुमारे सातशे शाळा फुटबॉल खेळतात. सातशे संघांच्या जोड्या लावल्या तर जवळजवळ अडीच लाख होतात. प्रत्येक संघ नियमित मोसमात दहा सामने खेळतो, म्हणजे प्रत्यक्षात सामने होतात साडेतीन हजारांच्या घरात. शंभरातल्या दीड जोडीचीसुद्धा गाठ पडत नाही. त्यातही बहुतेक सामने शेजारच्या तालुक्यातल्या शाळांशीच. राज्याच्या उत्तरेतला आठ विजयांचा संघ भारी की दक्षिणेतला नऊ विजयांचा, हे नुसत्या विजयांच्या संख्येवरून सांगता येत नाही. दुबळ्या शेजाऱ्यांना हरवून नऊ विजय मिळवणं तसं सोपं असतं.

यावर ओहायोनं काढलेली तोड म्हणजे हार्बिन गुण. क्लीव्हलँड परिसरातल्या जॅक हार्बिन यांनी बसवलेली ही पद्धत १९७२ च्या पहिल्या प्लेऑफपासून वापरात आहे. तुम्ही एखाद्या संघाला हरवलं की त्या विजयाचे गुण मिळतात; समोरची शाळा मोठ्या गटातली असेल तर जास्त. ही झाली पहिली पातळी. खरी गंमत दुसऱ्या पातळीत आहे: तुम्ही ज्याला हरवलंत, तो मोसमभरात जे जे सामने जिंकेल त्यांचेही गुण तुमच्या खात्यात जमा होतात. किती फरकानं जिंकलात याला इथं काहीच किंमत नाही. त्यामुळे बिचाऱ्या दुबळ्या संघावर सत्तर-ऐंशी गुण चढवण्याचा मोह राहत नाही, आणि शाळकरी मुलांच्या खेळात मला हे फार मोलाचं वाटतं.

आमच्या संघानं ऑगस्टमध्ये एका शाळेला हरवलं. त्या रात्री त्यांचे पालक आमच्याकडे रागानं बघत होते. पण दुसऱ्या आठवड्यापासून आम्ही त्याच शाळेचे सगळ्यात निष्ठावान पाठीराखे झालो. शुक्रवारी आमचा सामना संपला की गाडीत बसायच्या आधी प्रत्येक जण फोनवर त्यांचा निकाल बघतो. ते जिंकले की आमच्या मानांकनाचा आकडा वर सरकतो.

गणिती नजरेनं बघितलं तर यात एक खोल कल्पना दडलेली आहे. हरवलेल्यांचे विजय मोजायचे, तर मग त्यांनी हरवलेल्यांचे का नाहीत? आणि त्यांच्याही पुढचे? ही साखळी न थांबवता चालू ठेवली की प्रत्येक संघाची ताकद इतर सगळ्यांच्या ताकदीवरून ठरू लागते. वेबपानांचं महत्त्व ठरवण्यासाठी गूगलनं सुरुवातीला वापरलेली कल्पना याच जातीची: महत्त्वाची पानं ज्याच्याकडे बोट दाखवतात ते पान महत्त्वाचं. हार्बिन पद्धत दोन पातळ्यांवर थांबते. त्यामुळे ती थोडी ढोबळ राहते, पण एखादी आजी स्वयंपाकघरात कागद-पेन्सिल घेऊन नातवाच्या संघाचे गुण स्वतः पडताळून पाहू शकते.

प्लेऑफमध्ये कोण जाणार हे ठरवायला एवढं पुरतं. पुढे कोण जिंकणार हे सांगायचं असेल तर मात्र गुणफरकाकडे बघावं लागतं. तिथं कामाला येते दोनशे वर्षांपूर्वीची लघुतम वर्ग पद्धत. आकाशातल्या ग्रहगोलांच्या कक्षा काढताना गाउस आणि लजांद्र यांनी ती घडवली. १९९० च्या दशकात केनेथ मॅसी या विद्यार्थ्यानं ती फुटबॉलच्या मानांकनाला लावली, आणि पुढे महाविद्यालयीन फुटबॉलच्या राष्ट्रीय क्रमवारीतही त्याची मानांकनं वापरली गेली.

तीन संघ घ्या: अ, ब आणि क. अ नं ब ला १० गुणांनी हरवलं. ब नं क ला ७ गुणांनी हरवलं. यावरून अ नं क ला १७ नं हरवायला हवं; प्रत्यक्षात हरवलं २३ नं, ४१–१८ असं. तीन निकाल एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत, आणि मैदानावर ते कधी जुळतही नाहीत. मग प्रत्येक संघाला असा एक आकडा द्यायचा की या आकड्यांतले फरक आणि खरे गुणफरक यांच्यात राहणाऱ्या तफावतींच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल. प्रत्येक संघ बाकीच्या दोघांशी एकेकदा खेळला असेल तर उत्तर सोपं असतं: त्याच्या गुणफरकांची बेरीज भागिले तीन. अ चे १० आणि २३ मिळून ३३, म्हणून मानांकन ११. ब चे उणे १० आणि अधिक ७, म्हणून उणे १. क चे उणे ७ आणि उणे २३, म्हणून उणे १०. आता अ आणि ब यांच्यात फरक आला १२ चा, ब आणि क यांच्यात ९ चा, अ आणि क यांच्यात २१ चा. प्रत्येक निकालानं दोन-दोन गुणांची तडजोड केली. सातशे संघांसाठी हेच संगणक एका क्षणात करतो.

पण गुणफरकावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. ओहायोत उत्तरार्धात आघाडी ३० गुणांची झाली की घड्याळ सहसा थांबवत नाहीत. सामना भरभर संपतो. प्रशिक्षकही राखीव मुलांना उतरवतात. ६० नं जिंकू शकणारा संघ ३५ वर थांबतो. म्हणजे मोजपट्टीचं टोकच कापलेलं असतं, आणि सूत्रात मोठ्या फरकांना वेगळी वागणूक द्यावी लागते.

मानांकन हाती आलं तरी भाकीत अजून दूरच असतं. 'अ सात गुणांनी सरस' याचा अर्थ अ जिंकणारच असा होत नाही. हाल स्टर्न या संख्याशास्त्रज्ञानं १९९१ मध्ये व्यावसायिक फुटबॉलचे निकाल तपासले. त्याला आढळलं की अपेक्षित फरक आणि प्रत्यक्ष फरक यांच्यातली तफावत घंटेच्या आकाराच्या वक्रात बसते आणि तिचं प्रमाण विचलन, म्हणजे निकाल अपेक्षेपासून सहसा किती दूर पसरतात याचं माप, जवळजवळ १४ गुण असतं. या हिशेबानं सात गुणांनी सरस संघ शंभरात एकोणसत्तर वेळा जिंकतो आणि एकतीस वेळा हरतो. शाळकरी सामन्यांत या वक्राची रुंदी वेगळी असेल, पण तत्त्व तेच. सतरा वर्षांचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाच्या चाली चालवणारा मुख्य खेळाडू, त्या आठवड्यात तापानं फणफणला होता, हे मानांकनाला कुठून कळणार?

बाद फेरीत ही अनिश्चितता गुणाकारानं वाढते. समजा, एखाद्या संघाची प्रत्येक सामना जिंकण्याची शक्यता तब्बल ८० टक्के आहे. ओहायोत विजेतेपदासाठी सहा सामने जिंकावे लागतात. ०.८ ला स्वतःनंच सहा वेळा गुणा: २६ टक्के. राज्यातला सगळ्यात बलवान संघसुद्धा चारपैकी तीनदा रिकाम्या हातानं घरी येणार. २०२५ पासून प्रत्येक विभागातून सोळाऐवजी बारा संघ घेतात आणि पहिल्या चौघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. त्यांच्या वाट्याला पाचच सामने, म्हणून शक्यता ३३ टक्के. म्हणूनच शेवटच्या शुक्रवारी चौथ्या आणि पाचव्या क्रमांकासाठी माणसं एवढी जिवाच्या आकांतानं ओरडतात.

प्रत्यक्षात प्रत्येक फेरीतला प्रतिस्पर्धी वेगळा आणि तो कोण हेही आधीच्या निकालांवर अवलंबून, त्यामुळे सरळ गुणाकार चालत नाही. मग संगणकात सगळी प्लेऑफ दहा हजार वेळा खेळवतात आणि आपला संघ किती वेळा जिंकला ते मोजतात. या पद्धतीचं नाव माँटे कार्लो. १९४६ मध्ये आजारपणात पत्त्यांचा डाव लावताना स्तानिस्लाव उलाम या गणितज्ञाला ती सुचली. अणुसंशोधनासाठी वापरलं गेलेलं हे तंत्र आज गावातल्या फुटबॉलसाठी राबतं आहे.

आणि भाकीत करणारा चांगला की वाईट हे 'किती निकाल बरोबर आले' यावरून ठरवू नये. जिथं जिथं त्यानं ७० टक्के म्हटलं, तिथं दहापैकी सात वेळा तसं झालं का, ते बघावं. ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामानाच्या अंदाजांसाठी अशी कसोटी सुचवली, आणि ती इथंही चोख लागू पडते. दहाही वेळा तसं घडलं तरी सूत्रात खोटच आहे, कारण त्यानं स्वतःची खात्री कमी सांगितली.

आता परत अ, ब, क कडे येऊ. अ विरुद्ध क चा ४१–१८ हा निकाल कुणीतरी घाईत १४–१८ असा नोंदवला, तर? आकडे फक्त उलटले. पण अ चा २३ गुणांचा विजय ४ गुणांचा पराभव झाला. पुन्हा हिशेब करा: अ चं मानांकन ११ वरून २ वर घसरतं. आणि ब व क, ज्यांच्यात नऊ गुणांचं अंतर होतं, ते दोघं उणे १ वर बरोबरीत येतात. एका चुकीनं तिन्ही संघांचं चित्र पालटलं, ब तर त्या सामन्यात नव्हताच. मराठी वाचकाला ही चूक चटकन पटेल. आपण 'एक्केचाळीस' म्हणताना एक आधी उच्चारतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! गणितज्ञ मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: उच्चाराचा आणि लिहिण्याचा क्रम उलटा असला की मुलं अडखळतात.

म्हणून मला या सगळ्या व्यवस्थेत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मैदानावरचा वार्ताहर. लघुतम वर्ग, माँटे कार्लो, दहा हजार फेऱ्या, सगळं त्यानं कळवलेल्या आकड्यावर उभं असतं. आणि आकड्यापलीकडचंही तोच सांगतो: तिसऱ्या सत्रात मुख्य खेळाडू लंगडत बाहेर गेला, शेवटचे दोन टचडाउन राखीव मुलं मैदानात असताना झाले. ही एक ओळ मिळाली की २३ चा फरक खरा किती धरायचा हे ठरवता येतं. पण अशी माणसं कमी होत चालली आहेत. २००५ नंतर अमेरिकेत तीन हजारांहून जास्त वृत्तपत्रं बंद पडली, आणि त्यातली बहुतेक अशाच गावांतली साप्ताहिकं.

ती जागा यंत्रानं भरून काढण्याचा प्रयोग आमच्या कोलंबसमध्येच झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये 'कोलंबस डिस्पॅच' या दैनिकानं शालेय सामन्यांच्या बातम्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडून लिहून घेतल्या. सॉकरच्या, म्हणजे आपल्याकडच्या फुटबॉलच्या, एका सामन्याच्या बातमीत संघाच्या टोपणनावाच्या जागी चौकटी कंसातला रिकाम्या जागेचा मजकूर तसाच छापला गेला: विजयी संघाचं नाव इथं, पराभूत संघाचं नाव तिथं. लोकांनी टीका केल्यावर मालक कंपनी गॅनेटनं प्रयोग थांबवला. यंत्राला फक्त गुणांचे आकडे मिळाले होते. मैदानावर त्याच्या वतीनं कुणीच नव्हतं, मग सांगणार तरी काय?

आमच्या मैदानावर मात्र एक वार्ताहर अजूनही येतात. साठीच्या पुढचे, पाठकण्याला थोडा बाक. कठड्याला टेकून ते पॅडवर प्रत्येक चाल लिहितात: कुणी चेंडू घेतला, किती यार्ड, कुणी पाडलं. पेन्सिलनं लिहितात, कारण पावसात शाई पसरते. गेल्या मोसमात पावसातला एक सामना संपल्यावर बँड परत बसकडे निघाला होता, आणि ते छत्रीखाली फोनवर निकाल सांगत होते. पलीकडच्याला ऐकू गेलं नसावं. त्यांनी पॅड दिव्याकडे धरलं, चष्म्यावरचं पाणी अंगठ्यानं पुसलं आणि पुन्हा सांगितलं, "पस्तीस. तीन, मग पाच. आता तुम्ही मला वाचून दाखवा."