साडेचार मीटरची भरती आणि हिंदमाताचं पाणी

पावसाळ्यात हमखास बातमी येते: 'आज साडेचार मीटर उंच लाटा उसळणार'. हे साफ चूक आहे. भरतीच्या कोष्टकातला ४.५ मीटर हा आकडा लाटेचा नसतोच. सर्वांत खालच्या ओहोटीच्या आसपासची पातळी शून्य धरून समुद्राचं पाणी किती चढेल, ते त्यात सांगितलेलं असतं. लाटा त्यावर, आणखी वेगळ्या. या आकड्याची खरी धास्ती मुंबई महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्याला असते.

नाल्यातलं पाणी समुद्रापेक्षा वर असेल तोवरच आपसूक निचरा होतो. मुंबईतली बरीच पातमुखं, म्हणजे नाले समुद्राला मिळतात ती तोंडं, भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती चढते तसा निचरा मंदावतो, मग थांबतो. झडप नसेल तर समुद्रच नाल्यात शिरतो. नाला कितीही साफ असला तरी! त्यात जुन्या वाहिन्या ताशी २५ मिमी पावसापुरत्या, तेही ओहोटी असताना. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी कोसळला.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं ते सूर्य आणि चंद्राची ओढ एका रेषेत येते म्हणून. अमावास्या 'वाईट' असते म्हणून शहर तुंबतं, ही समजूत सोडून द्यावी.

२००५नंतर ताशी ५० मिमीचं लक्ष्य ठेवून कामं झाली. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया अशी उदंचन केंद्रं, म्हणजे पाणी उपसणारी पंपघरं, उभी राहिली. भरतीत दरवाजे बंद करायचे आणि नाल्याचं पाणी पंपानं उचलून समुद्रात टाकायचं. आता हिशेब बघा. एक चौरस किलोमीटरवर तासात ५० मिमी पाऊस म्हणजे पाच कोटी लिटर, सेकंदाला जवळजवळ १३,९०० लिटर. मोठा पंप सेकंदाला सुमारे ६,००० लिटर उपसतो. सगळं पाणी नाल्यात आलं, तर दोन पंप अखंड चालूनही सेकंदाला १,९०० लिटर मागे उरतं. सिमेंटच्या शहरात जमिनीत मुरतं ते थोडंच.

दादर-परळ भागातला हिंदमाता परिसर तर बशीसारखा खोलगट. तिथलं पाणी आता प्रमोद महाजन कला उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत वळवतात आणि भरती उतरली की बाहेर सोडतात. मला ही युक्ती फार आवडते: समुद्राशी झुंजायचं नाही, काही तास पाणी थोपवून धरायचं. टाकी ओहोटीआधीच भरली, तर मात्र पाणी पुन्हा रस्त्यावर येतं.