अ‍ॅक्रिलिक इमल्शन

अ‍ॅक्रिलिक बहुवारिकाचे (पॉलिमर, म्हणजे प्लास्टिकच्या जातीचा लांब साखळीचा पदार्थ) अतिसूक्ष्म कण पाण्यात विखुरलेला दुधाळ द्रव. भिंतीच्या रंगातली रंगद्रव्ये आणि भुकटी एकत्र धरून ठेवणारा बंधक म्हणून तो मुख्यतः वापरतात. मुंबईतले रंगारी अशा रंगाला सरसकट ‘प्लास्टिक पेंट’ म्हणतात. रसायनाच्या अंगाने पाहता ते मुळीच चुकत नाहीत.

जर्मन रसायनज्ञ ओटो रोम याने १९०१ मध्ये ट्यूबिंगेन विद्यापीठात अ‍ॅक्रिलिक अम्लाच्या बहुवारिकांवर प्रबंध लिहिला. मात्र १९०७ मध्ये ओटो हास याच्यासह त्याने धंदा मांडला तो कातडी कमावण्याच्या विकरांचा (एन्झाइमांचा). त्याआधी त्या कामी कुत्र्याची विष्ठा वापरत, त्यामुळे हा शोध लगेच खपला. अ‍ॅक्रिलिक त्याच्या डोक्यातून गेले नव्हते. १९१५ मध्ये त्याने रंगांतल्या सुकणाऱ्या तेलांना पर्याय म्हणून त्याचे पेटंट घेतले. १९३३ मध्ये काचेसारखी पारदर्शक शीट बाजारात आली. मुंबईतल्या दुकानांच्या पाट्यांवरची चकचकीत अक्षरे त्याच कुळातली. पाण्यात मिसळणारे निव्वळ अ‍ॅक्रिलिक इमल्शन अमेरिकेतल्या रोम अँड हास कंपनीने १९५३ मध्ये घरांच्या रंगासाठी आणले.

यातली खरी करामत मिश्रणात आहे. मिथाइल मेथाक्रिलेट या घटकाचे बहुवारिक सुमारे १०५° से. पर्यंत काचेसारखे कडक राहते, तर ब्युटिल अ‍ॅक्रिलेटचे शून्याखाली ५० अंशांच्या आसपासही रबरासारखे असते. दोन्हींचे प्रमाण बदलून हवा तेवढा चिवटपणा साधतो. पाणी उडाले की कण एकमेकांना चिकटून सलग पापुद्रा बनतो.

सिमेंटच्या गिलाव्यातला अल्क (अल्कली) तेलाच्या रंगाचा साबण करून टाकतो. अ‍ॅक्रिलिक त्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. उन्हातही ते सहसा पिवळे पडत नाही. स्टायरीन मिसळलेले स्वस्त इमल्शन उन्हात पिवळते, म्हणून ते घराच्या आत बरे. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि खारा वारा सोसणाऱ्या मुंबईत इमारतींच्या बाहेरच्या भिंतींसाठी निव्वळ अ‍ॅक्रिलिकच घ्यावे. पण गळकी गच्ची किंवा फुटका पाइप यांवर ते औषध नव्हे. मागून ओल आली की पापुद्र्याला फुगे येतात, लोणा धरतो आणि पोपडे सुटतात. आधी गळती थांबवायची, भिंत वाळू द्यायची आणि मगच परांची बांधायची. सोसायट्या हे काम पावसाळा सरल्यावर काढतात ते याचसाठी.

ओला रंग पाण्याने धुता येतो, पण एकदा वाळलेला पापुद्रा पाण्यात विरघळत नाही. रंगारी जेवायला जाताना ब्रश पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवतात.